पोस्टग्रेस : सारा डेटा मेमरीत ठेवताना

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून पोस्टग्रेस हा मुक्तस्रोत डेटाबेस उभा राहिला. सगळा डेटा सर्व्हरच्या मेमरीत मावत असेल, तर डिस्कवरचे वाचन बहुतांशी टळते. आदिलाबाद जिल्ह्यातील भीमपूरसारख्या एका मंडळाच्या पहाणीच्या नोंदी आजच्या साध्या सर्व्हरच्या मेमरीतही सहज बसतील. मात्र मूळ मांडणीत ‘शेअर्ड बफर्स’ बहुधा १२८ मेगाबाइटच असतात. स्वतंत्र सर्व्हरवर एकूण मेमरीच्या चौथ्या हिश्शापासून सुरुवात करावी. ४० टक्क्यांपुढे सहसा लाभ नाही, कारण उरलेली मेमरी ऑपरेटिंग सिस्टीमही कॅशसाठी वापरतेच. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर रिकामे बफर्स भरण्यासाठी ‘पीजी-प्रीवॉर्म’ हे विस्तारक २०१४ पासून उपलब्ध आहे.

खरा धोका लेखनात आहे. २०११ मध्ये आलेले ‘अनलॉग्ड’ तक्ते वेगवान खरे, पण सर्व्हर अचानक कोसळला की ते पूर्ण रिकामे होतात. ‘सिंक्रोनस कमिट’ बंद असल्यास अशा वेळी शेवटचे काही व्यवहार हरवू शकतात, तरी उरलेला डेटा सुसंगत राहतो. ‘एफ-सिंक’ बंद असताना वीज गेली, तर मात्र सगळा डेटाच बिघडू शकतो. गोषवाऱ्याचे तात्पुरते तक्ते अनलॉग्ड चालतील. फेरफाराची नोंद नव्हे.