संधिप्रकाशातील फ्लॅट

दुर्बिणीच्या कॅमेऱ्यातील दोष मोजण्यासाठी सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी घेतलेली मोकळ्या आकाशाची छायाचित्रे. खगोलनिरीक्षक त्यांना 'स्काय फ्लॅट' असेही म्हणतात.

गरज : 1969 मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी शोधलेला सीसीडी संवेदक आज वेधशाळांत सर्रास वापरला जातो. त्याचे सर्व पिक्सेल सारखे संवेदनशील नसतात. शिवाय चित्राच्या कडांना प्रकाश कमी पोहोचतो आणि फिल्टरवरील धूलिकणांची वर्तुळे उमटतात. एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे चित्र घेतले की हे सर्व दोष उघड होतात. संधिप्रकाशातील आकाश हा असा पृष्ठभाग आहे.

पद्धत : दुर्बीण डोक्यावरच्या बिंदूपासून सूर्याच्या विरुद्ध दिशेला थोडी कलती ठेवतात, तेथे आकाशाची उजळी सर्वांत समान असते. कॅमेरा संपृक्त होऊ नये, तरी भरपूर प्रकाश मिळावा, असा उद्भासनकाळ निवडतात. तो फार छोटा असल्यास शटरच्या उघडझापीचा परिणाम चित्रात उतरतो. संध्याकाळी आकाश साधारण तीन मिनिटांत निम्मे मंदावते, म्हणून उद्भासनकाळ वाढवत न्यावा लागतो. ज्या फिल्टरमधून कमी प्रकाश नोंदला जातो, तो आधी घेतात. पहाटे क्रम उलटा. प्रत्येक फिल्टरचे फ्लॅट वेगळे लागतात. दोन चित्रांच्या मध्ये दुर्बीण किंचित सरकवतात, म्हणजे चित्रात आलेले तारे मध्यक काढताना गळून पडतात.

महाराष्ट्रातील संदर्भ : पुण्याच्या 'आयुका' संस्थेची गिरवली वेधशाळा पुण्यापासून सुमारे 80 किमी अंतरावर, सुमारे 1,000 मीटर उंचीवर आहे. तेथील 2 मीटर व्यासाची दुर्बीण 2006 मध्ये कार्यान्वित झाली. तिच्या आयफॉस्क या उपकरणाचा सीसीडी 2,048 × 2,048 पिक्सेलचा असून त्यात सुमारे साडेदहा कलामिनिटांचे क्षेत्र मावते. सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर सूर्य क्षितिजाखाली झपाट्याने उतरतो. खगोलीय संधिप्रकाश तेथे साधारण सव्वा तासात संपतो आणि फ्लॅटसाठी त्यातला थोडाच भाग उपयोगी पडतो. पावसाळ्यात निरीक्षणे बंद असतात. कोरड्या हंगामातही पश्चिमेचा ढग संध्याकाळचे फ्लॅट वाया घालवू शकतो. अशा वेळी पहाटेची संधी उरते.

संस्करण : फ्लॅटमधून आधी बायस, म्हणजे शून्य सेकंदांच्या चित्रातील पातळी, वजा करतात. मग अनेक फ्लॅटचा मध्यक काढून त्याची सरासरी एक करतात आणि बायस वजा केलेल्या ताऱ्यांच्या चित्रांना त्याने भागतात.

महत्त्व : गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यापुढून गेला, तर ताऱ्याचे तेज जेमतेम एक टक्क्याने उतरते. फ्लॅटमधील चूक याहून मोठी असल्यास ही घट ओळखताच येत नाही. तेजमापनाची विश्वसनीयता म्हणूनच रात्रीच्या निरीक्षणाइतकीच या अल्पकालीन, काटेकोर कामावर अवलंबून असते.