दहा पीएसआयची गोष्ट

आदर्की घाटात मामाची पिकअप बसली तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते आणि मागे टोमॅटोचे क्रेट होते. फलटणहून साताऱ्याला जाताना हा घाट लागतो. तसा काही मोठा नाही, पण भरलेल्या गाडीला तो जाणवतोच. तिसऱ्या गिअरमध्ये गाडीचा दम गेला, दुसऱ्यात टाकली तर आचके द्यायला लागली आणि शेवटी बंदच पडली. मामाने बॉनेट उघडून हँडपंप मारला, एअर काढली. गाडी सुरू झाली, शे-दोनशे मीटर गेली आणि परत बसली.

दोन दिवसांनी मेस्त्रीने निकाल दिला : डिझेल पंप गेला. वर ऐकवलं, "हा एका रात्रीत जात नसतो. महिनाभर उपाशी चालवलाय तुम्ही." त्या हंगामात टोमॅटोने जे काही दिलं होतं, ते त्या पंपात गेलं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. सर्व्हरचे आलेख बघत बसायचं आणि काही घसरायला लागलं की ते पडायच्या आधी ओरडायचं, हे माझं काम. त्यामुळे पंपापेक्षा मला 'महिनाभर' हा शब्द जास्त लागला. महिनाभर काहीतरी कमी होत होतं आणि गाडीत ते दाखवणारं काहीच नव्हतं? डॅशबोर्डवर स्पीड आहे, तापमान आहे, टाकीत डिझेल किती तेही आहे. पण टाकीतलं डिझेल पंपापर्यंत नीट पोचतंय का, हे सांगणारा काटा नाही. का नाही, हे शोधत मी बराच मागे गेलो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी, आणि नेमक्या क्षणी तिच्यात डिझेलचा फवारा सोडायचा. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये आउग्सबुर्गला हे इंजिन चालवून दाखवलं, पण फवाऱ्यासाठी त्याला दाबलेल्या हवेचा झोत लागायचा आणि त्या हवेसाठी भलामोठा कॉम्प्रेसर. असलं धूड कारखान्यात आणि जहाजात बसतं, ट्रकमध्ये नाही. १९१३ मध्ये इंग्लंडला जाताना डिझेल बोटीवरून नाहीसा झाला, तोवर त्याचं इंजिन रस्त्यावर आलेलं नव्हतं. ते आणलं पंपाने. श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशने १९२२ मध्ये काम हाती घेतलं आणि १९२७ मध्ये डिझेल थेट दाबून फवारणारा पंप कारखान्यातून बाहेर पडायला लागला.

इथून पुढे इंजिनात दाबाच्या दोन बाजू झाल्या. एक जास्त दाबाची : पंप ते नोझल. दुसरी कमी दाबाची : टाकी, नळी, फीड पंप, फिल्टर आणि मग मोठ्या पंपाचं तोंड. विहिरीवर मोटर असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. फुटव्हॉल्व्ह सुटला की मोटर कोरडी फिरते आणि थोड्या वेळात जळते. पुष्कळशा डिझेल पंपांचं तसंच असतं. त्यांना आतून वंगण डिझेलचंच आणि थंडावाही डिझेलचाच. डिझेल कमी आलं की धातूवर धातू घासायला लागतो. बाहेर आवाज येत नाही, धूर येत नाही.

कमिन्स हे नाव मला आधी कर्वेनगरच्या मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजमुळे माहीत होतं. मूळ माणूस क्लेसी कमिन्स, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या एका बँकरच्या घरचा ड्रायव्हर आणि मेकॅनिक. त्याच बँकरच्या पैशावर १९१९ मध्ये त्याने इंजिनांची कंपनी काढली आणि दहा वर्षं ती तोट्यात चालवली. १९२९ च्या नाताळात मालक कंटाळलेले असताना त्याने एका पॅकार्ड मोटारीत डिझेल इंजिन बसवलं आणि त्यांना फेरी मारून आणली. मग तीच गाडी घेऊन न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाला गेला. इंधनाचा खर्च १.३८ डॉलर. १९३१ मध्ये त्याच्या डिझेल गाडीने इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत एकदाही न थांबता पुरी केली. नंबर तेरावा आला, पण डिझेल भरायला थांबावं लागलं नाही, ही खरी बातमी होती.

मला मात्र या कंपनीची १९५४ ची गोष्ट जास्त आवडते. त्या वर्षी तिने पीटी नावाची पद्धत बाजारात आणली. पी म्हणजे प्रेशर, टी म्हणजे टाइम. पंपाने फक्त बेताच्या दाबाने डिझेल पुरवायचं. मोठा दाब प्रत्येक इंजेक्टर कॅमच्या ठोक्यावर स्वतः तयार करणार. किती डिझेल आत जाणार हे दोनच गोष्टींवर ठरायचं : पुरवठ्याचा दाब आणि इंजेक्टरचं भोक उघडं असण्याचा वेळ. म्हणजे मेकॅनिकने पुरवठ्याच्या लाइनला गेज लावलं की इंजिन पुरेशी ताकद का देत नाही, याचा अर्धा उलगडा तिथेच व्हायचा.

हे तंत्र आपल्याकडे आलं ते किर्लोस्करांमार्फत. लक्ष्मणरावांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवून नांगर ओतले. ते गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. पुढच्या पिढीत शंतनुरावांनी १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिनांची कंपनी काढली. हँडल मारून सुरू करायची ती इंजिनं आमच्या पट्ट्यात कितीतरी विहिरींवर होती. १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स स्थापन झाली आणि कोथरूडला तिची मोठी इंजिनं बनायला लागली. त्या वेळचं कोथरूड म्हणजे गावाबाहेरचं माळरान. आता तिथे फ्लॅट घेणं माझ्या पगाराला झेपत नाही, ते असो.

कमिन्सचंच एक इंजिन म्हणजे ५.९ लिटरचं सहा सिलिंडरी 'बी'. अमेरिकेत १९८९ पासून ते डॉज रॅम पिकअपमध्ये बसलं. आपल्याकडे याच कुळातली इंजिनं टाटा कमिन्सने जमशेदपूरला बनवली आणि नंतर फलटणला. आमच्या तालुक्यात सुरवडी-नांदल भागात कमिन्सची मोठी वसाहत उभी आहे. तिथून शिफ्ट सुटल्यावर बसच्या बस भरून माणसं बाहेर पडतात, पण आतल्या इंजिनाची ही वंशावळ त्यांतल्या कितीजणांना माहीत असेल?

डॉज रॅममधल्या त्या इंजिनाला १९९८ च्या मध्यावर नवा पंप मिळाला. बॉशचा व्हीपी४४, डोक्यावर इलेक्ट्रॉनिक्स घेतलेला. तेही थंड ठेवायचं डिझेलनेच. त्याआधी डिझेल पुढे ढकलणारा छोटा पंप इंजिनाच्या कॅमवर चालायचा, आता विजेवर चालणारा आला आणि तो वरचेवर दम सोडू लागला. छोटा पंप थकला की मोठा मरायचा. प्रत्येक वेळी कारण हेच होतं असं नाही, पण इतक्यांदा होतं की मालकांनी स्वतःच गेज बसवायला सुरुवात केली. भार असताना काटा दहा पीएसआयच्या खाली जाऊ द्यायचा नाही, असा ठोकताळाही रूढ झाला. कारच्या चाकात तीसेक पीएसआय हवा असते. म्हणजे हा दाब त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा!

तोवर जगाचं लक्ष दुसरीकडे होतं. कॉमन रेल आली, फवाऱ्याचा दाब सोळाशे बारच्या घरात गेला आणि जाहिरातींत तोच आकडा झळकला. तो दाब इंजिनाचा कॉम्प्युटर क्षणाक्षणाला मोजतो. इंजिनं मरत होती ती अलीकडच्या या किरकोळ दाबापायी, आणि तो मोजायला गाडीत काहीच नव्हतं. एक काटा वाचवला तर लाखो गाड्यांमागे किती पैसे वाचतात, हा हिशेब मलाही कळतो. मामाला मात्र तो परवडला नाही.

तेव्हा आम्ही गेज बसवलं. काट्याच्या गेजचं तंत्र जुनं आहे. १८४९ मध्ये फ्रान्समध्ये युजीन बूर्दोंने त्याचं पेटंट घेतलं. आत वाकडी, चपटी नळी असते. दाब आला की ती सरळ व्हायला बघते, रामाच्या रथाच्या यात्रेत मिळणाऱ्या, फुंकली की उलगडणाऱ्या कागदी पिपाणीसारखी, आणि तिच्या टोकाला बांधलेला काटा सरकतो. पण असं गेज केबिनमध्ये लावायचं तर डिझेलची नळी केबिनमध्ये आणावी लागते. ती पायाशी फुटली तर? म्हणून आम्ही सेन्सर बाहेर इंजिनापाशी ठेवला आणि आत फक्त वायर आणली. फिल्टर आणि पंप यांच्यामधल्या बंजो बोल्टच्या जागी सेन्सरसाठी आटे पाडलेला बोल्ट, दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर. पंपाच्या ठोक्यांनी सेन्सर खिळखिळा होतो, म्हणून मध्ये एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद करून ठेवला. जुने वॉशर परत वापरू म्हणणाऱ्या मामाशी माझं भांडण झालं. जुना वॉशर डिझेल गळू देतो किंवा हवा आत ओढतो, आणि मग गेजच नवं दुखणं होऊन बसतं.

गाडी उभी असताना काटा पाचवर होता. मामा म्हणाला, "झालं की रे, सगळं बरोबर आहे." उभ्या गाडीला डिझेल लागतंच किती? खरं वाचन चढाला, भरल्या गाडीत. पहिल्याच फेरीला आम्ही दोघं निघालो. फलटण सोडलं तेव्हा पाच. घाट लागला तसा चार, तीन. मधल्या वळणावर दीड. गाडीचा आवाज तोच होता, ओढही तीच. मी म्हटलं, थांबव.

टाकी उतरवून बघितली तर तळाच्या जाळीवर काळा, शेवाळासारखा थर. शेतातल्या ट्रॅक्टरसाठी ठेवलेल्या जुन्या बॅरलमधलं डिझेल मामा अधूनमधून पिकअपमध्ये ओतायचा. कुणीच काही बोललं नाही. मामीने बॅरल उचलून गोठ्यामागे नेऊन टाकलं.

आता मामा साताऱ्याला निघाला की घाटमाथ्यावरून फोन करतो. मी बहुतेक झोपेत असतो. "साडेचार," एवढंच म्हणतो आणि फोन ठेवतो.