इंजिनाचा श्वास

मराठवाड्यांतील मुरुडसारख्या गांवीं विहिरीवरची मोट जाऊन ऑइल इंजिन आलें, तेव्हां पाण्याबरोबर एक प्रश्नहि आला: या यंत्राचें बळ कशांत असतें? १९४६ सालीं पुण्यांत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि या प्रश्नाला आपल्याकडे अधिकच महत्त्व आलें.

तेल सर्वांस दिसतें. हवा दिसत नाहीं. पण पुरेशा हवेवांचून तेल नीट जळत नाहीं, त्याचा काळा धूर होतो. ही हवा सिलिंडरच्या हेडमधील वाटेनें, झडपेवरून आंत जाते. ती वाट कानशीनें रुंद केली कीं बळ वाढेल, हा समज स्वाभाविक, पण अपुरा आहे. वाट वाजवीपेक्षां रुंद झाली तर मंदगती इंजिनांत हवेचा वेग घटतो; डीझेलमध्यें तर हवेला भोवरा देणारी वळणाची ठेवणच बिघडते. शिवाय भिंतीपलीकडे थंड पाण्याची पोकळी असते. भिंत फुटली कीं सारें हेड वायां.

हॅरी वेस्लेक या इंग्रज तज्ज्ञानें अंदाजावर न विसंबतां वाटेंतून वाहणारी हवा उपकरणानें मोजली. १९४८ सालीं जगापुढें आलेल्या जॅग्वारच्या एक्सके इंजिनाचें हेड घडविण्यांत त्याचा हात होता. कोठें किती घांसावें, हें त्याला मापानेंच सांगितलें.

आपल्या कारागिराच्या हातांत कसब आहेच. पण ज्याचें पीक एका विहिरीवर उभें आहे, त्याला फसलेला प्रयोग परवडत नाहीं. म्हणून कानशीपूर्वीं माप हातीं घ्यावें.