कामगारांच्या छातीचीं चित्रें : एक उपेक्षित इतिहाससाधन

इतिहाससाधन म्हटलें कीं मोडी कागदांचे रुमाल, सनदा, शकावल्या आणि ताम्रपट आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. ॲसबेस्टॉसच्या कारखान्यांत राबलेल्या कामगाराचा हजेरीपट, त्याच्या छातीची क्ष-किरण फिल्म आणि सी. टी. चित्र यांस साधनांच्या यादींत कोणी जागा देत नाहीं. वास्तविक या उद्योगाचा अस्सल पुरावा हाच होय.

या रोगाची पहिली प्रसिद्ध हकीगत इंग्लंडांतील रॉचडेलची आहे. तेथील कामगार स्त्री नेली केरशॉ १९२४ सालीं वारली. डॉ. कूक यांनीं तिची केस त्याच वर्षीं छापली व १९२७ सालीं रोगास ‘ॲसबेस्टॉसिस’ हें नांव दिलें. १९३१ सालीं तिकडे धुळीचे नियम झाले. आपल्याकडे मुलुंड-घाटकोपर भागांतहि सिमेंटचे पत्रे व ब्रेकचीं अस्तरें यांचे कारखाने निघाले. मुंबईंतील अशा एका गिरणीच्या १८१ कामगारांची तपासणी २००५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत पांचांत एकाहून अधिकांस हा रोग आढळला.

धूळ छातींत गेल्यावर रोग उघड होण्यास बहुधा वीस वर्षें किंवा अधिक काळ लोटतो. म्हणून येथें कालनिर्णयाचा प्रश्न येतो. मिति नसलेलें पत्र आपण मिति असलेल्या पत्रांच्या अक्षरवळणाशीं ताडून पाहतों. क्ष-किरण फिल्म वाचणारे वैद्यहि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या प्रमाण-फिल्मांशीं ती ताडून रोगाची पायरी ठरवितात. हौन्सफील्ड यांच्या यंत्रानें १९७१ सालीं पहिल्या रुग्णाचें सी. टी. चित्र निघालें, आणि शरीराचे आडवे छेद दिसूं लागले. साध्या फिल्मेंत न दिसणारे बारीक व्रणतंतु त्यांत आधीं दिसतात. उताणें निजल्यानें पाठीकडच्या भागांत उमटणारी छाया ही क्षेपकासारखी असते. रोग्यास पालथें निजवून पुनः चित्र घेतलें असतां ती नाहींशी होते, खरा व्रण मात्र राहतो. फुप्फुसाच्या आवरणावरील चट्टे ॲसबेस्टॉसच्या संपर्काची साक्ष देतात. केवळ त्यांवरून ॲसबेस्टॉसिस सिद्ध होत नाहीं.

परंतु एका चित्रावरून रोग वाढतो कीं स्थिर आहे हें कळत नाहीं. त्यासाठीं मागील चित्र हवें. तें गहाळ झाल्यास पुनः काढतां येत नाहीं, कारण दहा वर्षांपूर्वींची छाती आज कोठून आणावयाची?

याच कारणास्तव २७ जानेवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या अर्जावर आज्ञा केली कीं, ॲसबेस्टॉस-कामगाराची आरोग्यनोंद कामास लागल्यापासून किमान ४० वर्षें, अथवा काम सुटल्यापासून १५ वर्षें, यांपैकीं जी मुदत नंतर संपेल तोंपर्यंत जपावी. हिशेब करून पाहावा. १९७० सालीं लागून २००८ सालीं निवृत्त झालेल्या कामगाराच्या नोंदीची मुदत २०२३ सालीं संपली. त्यानंतर कारखान्यानें ती रद्दींत घातली तर या आज्ञेनें त्यास अडविणें कठीण. रोगास मात्र मुदत नसते, आणि नुकसानभरपाईचा दावा कागदावांचून उभा राहत नाहीं.

भंडारा जिल्ह्यांतील संग्राहकांस हा विषय दूरचा वाटूं नये. तुमसर तालुक्यांतील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीजचा घाला मुख्यतः मज्जासंस्थेवर होतो, आणि वरील आज्ञा ॲसबेस्टॉसपुरती आहे. तरी कोण, कोणत्या कामावर, किती वर्षें धुळींत होता, हा प्रश्न दोहींकडे एकच. त्याचें उत्तर हजेरीपटांत व घरोघरच्या जुन्या फिल्मांतच सांपडेल. फिल्मेवर मिति व रुग्णालयाचें नांव असल्यास तें टिपावें, कुटुंबाची संमति घ्यावी, रोग्याचें नांव प्रसिद्ध करूं नये, आणि अस्सल प्रत घरच्यांपाशींच ठेवून नक्कल संग्रहीं घ्यावी. शंभर वर्षांपूर्वींचा रुमाल आपण वाळवीपासून वाचवितों. हयात माणसाचा न्याय ज्यावर अवलंबून आहे तो कागद त्याहून कमी मोलाचा नव्हे.