तुरुंगातली विपश्यना: यश मोजायचं कसं?

इगतपुरीच्या धम्मगिरीत शिकवली जाणारी 10 दिवसांची विपश्यना तुरुंगातही पोहोचली आहे. 1975 मध्ये जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात सत्यनारायण गोयंकांनी शिबिर घेतलं. एप्रिल 1994 मध्ये तिहारमध्ये एकाच वेळी 1,000 हून अधिक कैदी शिबिराला बसले. आकडा मोठा आहे, पण तो हजेरीचा. बाहेर पडल्यावर कैद्याचं काय झालं, हे त्यातून कळत नाही. आणि पैसा देणाऱ्यानं विचारायला हवं ते नेमकं हेच.

अमेरिकेत सिएटलजवळच्या नॉर्थ रिहॅबिलिटेशन फॅसिलिटी या तुरुंगात हीच शिबिरं झाली. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी सरकारी अनुदानातून त्यांचा अभ्यास केला. सुटकेनंतर 3 महिन्यांनी त्यांनी कैद्यांना गाठलं. दारू किती, गांजा आणि कोकेन किती, मानसिक त्रासाची लक्षणं कमी झाली का, हे तपासलं. शिबिर केलेल्यांची स्थिती इतरांपेक्षा बरी निघाली.

गोम पुढे आहे. सुरुवातीला 305 जण होते, 3 महिन्यांनी माहिती मिळाली फक्त 87 जणांची. उरलेले सावरले की पुन्हा व्यसनात गेले, कुणास ठाऊक! शिवाय शिबिर ऐच्छिक, त्यामुळे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडता आले नाहीत. मुळात बदलायची इच्छा असलेलेच बसले असतील, तर श्रेय शिबिराला द्यायचं की त्या इच्छेला?

निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. तो तुरुंग 2002 मध्येच बंद झाला होता.