ठासणीची बंदूक आणि सरकारचा हात

बंदुकीचे दुकान म्हटले की सभ्य गृहस्थ दचकतो. परंतु उंबरमाळीकडच्या डोंगरात रानडुकरांपासून भात राखावयाचे, तर ठासणीची बंदूक विळ्या-कोयत्याइतकीच कामाची वस्तू. ती विकणाऱ्या परवानेवाल्या दुकानदारावर सरकारची सत्ता कोठवर चालावी, हा वाद जुना आहे.

लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्याने शस्त्र विकण्यास व बाळगण्यास परवाना लागला. गोरे मात्र त्यातून सुटले. म्हणजे भीती शस्त्राची नव्हती, माणसाच्या रंगाची होती. कराचीच्या काँग्रेसने १९३१ साली नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाडच्या सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. पुढे संविधानात तो हक्क आलाच नाही.

१९५९ च्या कायद्याने, परवाना नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावीत, अपील करता यावे, अशी सोय केली. कामगार चळवळीतल्या आम्हां माणसांना तिचे मोल ठाऊक आहे. कारण न सांगता काढलेला गडी भांडणार कशाशी? दुकानदाराच्या नोंदवह्या तपासा, साठा मोजा, आमची हरकत नाही. काडतूस कोठे गेले हे समाजाला कळलेच पाहिजे. २०१९ च्या विधेयकात परवानेदाराची शस्त्रे तीनवरून एकावर आणावयाची होती. हरकती आल्या, आणि दोन राहिली. ते उघड्यावर झाले. परंतु लोकहिताचे नाव सांगून कारण न कळविण्याची मुभा १९५९ च्याच कायद्यात आहे, आणि खुद्द सरकारच्या हुकमावर अपील नाही. आमचे भांडण या दोन कलमांशी आहे.