रंधे, जुने लाकडी (ओळख व कालनिर्णय)

इंग्लंड-अमेरिकेतील जुन्या लाकडी रंध्याची पहिली साक्ष त्याच्या पुढच्या टोकावर मिळते. कारागिराच्या नावाचा ठसा तिथेच उमटवलेला असतो. शेजारी वेडीवाकडी दोन-तीन नावे दिसली, तर ती बहुधा एकामागून एक झालेल्या मालकांची. नवखे इथेच फसतात.

नक्षीपट्टी काढणाऱ्या रंध्यांत लांबी बोलकी असते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातले रंधे सुमारे १० इंच किंवा अधिक लांब, कडांवर रुंद, सपाट उतार दिलेले; पुढे साडेनऊ इंच हे माप रूढ झाले आणि एकोणिसाव्या शतकात कडा गोलावल्या. इंग्रजी रंधे बहुतेक बीचचे; न्यू इंग्लंडमधले सुरुवातीचे पुष्कळसे पिवळ्या बर्चचे. पात्यावर मात्र विसंबू नये, झिजले की ते बदलत. पात्यावर दुसरे पाते बसवण्याची पद्धत १७६० च्या दशकानंतर रुळली.

ठशावरून काळ कसा ठरतो, याचे एक उदाहरण: मॅसॅच्युसेट्समधील रेन्थमचा सीझर चेलर हा रंधे घडवणारा फ्रान्सिस निकल्सनचा गुलाम. १७५३ मध्ये निकल्सनच्या मृत्युपत्राने तो मुक्त झाला आणि १७८४ मध्ये मरण पावला. त्यामुळे ‘सीई. चेलर’ हा ठसा साधारणपणे या तीन दशकांतला मानतात.